मागच्या चाकाची चाळीस भोकं

आमच्या जहांगीरसारखा बांगड्या भरणारा तुम्हाला पहूरच्या बाजारात काय, अख्ख्या जामनेर तालुक्यात सापडायचा नाही. मी त्याचा मोठा भाऊ गनी म्हणून सांगत नाही. धंदा मात्र त्याला मीच शिकवला. बाई समोर बसली की तो तिचा हात एकदा दाबतो, अंगठा आत मुडपून बघतो, आणि मग जी बांगडी उचलतो तीच बसते. दुसरी घालून बघायचं कामच नाही.

दुकान मी सांभाळतो, गावं तो फिरतो. सायकलीच्या मागे पेटी, पेटीत कापसाची गादी, गादीवर काचेचा माल. लढाईच्या दिवसांत एका नाल्यात त्याचं मागचं चाक दगडावर आपटलं आणि रिम अशी चेपली की चाकाचा एक फेरा झाला की पेटीत एक बांगडी तडकायची. घरी आला तेव्हा पेटीत नुसता हिरवा चुरा.

त्यातच शेंदुर्णीचा एक बांगडीवाला घोडी घेऊन आमच्या गावांतून फिरायला लागला.

"भाई, मी दिसलो नाही तर बाया त्याच्यापुढं हात धरतील. गावं गेली समजा," जहांगीर म्हणाला. जेवलाच नाही.

मी म्हटलं, "मी बसलोय ना! रिम आणणं म्हणजे काय मोठं?" सुतळीनं चाकाचा घेर मोजला, गाठ मारली आणि गाडीत बसलो. जळगावची सगळी दुकानं पालथी घातली. सायकल जुनी, विलायती, आणि विलायतेचा माल बंद. दुसरा कोणी घरी परतला असता. मी धुळ्याला गेलो. तिथं एका म्हाताऱ्या दुकानदारानं माळ्यावरून एक कोरी रिम काढली.

"भाऊ, बठ्ठा मालमा ही एकच शे. लेवानी व्हई ते ले."

सगळ्या मालात एकच, घ्यायची तर घे! सुतळी लावली. गाठ बरोबर गाठीवर! रिम गळ्यात घालूनच घरी आलो. गाडीत लोक सरकून जागा देत होते.

जहांगीरनं रिम घेतली, भोकांवरून अंगठा फिरवला आणि कपाळाला हात लावून हसायलाच लागला. "भाई, ही पुढच्या चाकाची. हिला बत्तीस भोकं. मागच्या चाकाला चाळीस तारा असतात. उरलेल्या आठ तारा काय तुमच्या कानात घालू?"

आता मला सांगा, डाव्या हाताची बांगडी वेगळी आणि उजव्या हाताची वेगळी असते का? इंग्रजानं एकाच सायकलीला दोन तऱ्हेच्या रिमा केल्या, त्याला मी काय करणार? घेर बरोबर होता.

तेवढ्यात सारोळ्याहून भागाबाईचा निरोप आला. तिच्या लेकीचं, सुंदरचं लग्न होतं, चुडा भरायला बोलावलं होतं. एक पेटी त्यानं डोक्यावर घेतली, एक मी, आणि आम्ही पायीच गेलो.

ओट्यावर बाया वाटच बघत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "काय रे जहांगीर, तुझा घोडा कुठंय?"

"लंगडा झाला, अक्का."

"मग त्या शेंदुर्णीवाल्याची घोडी बरी म्हणायची!"

बाया खदखदून हसल्या. जहांगीरही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले. मग त्यानं सुंदरचा हात हातात घेतला आणि सगळ्या पुढं सरकल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे केले. एक काच तडकली नाही. पोरगी त्याच्या पाया पडली. भागाबाई मानाचं उपरणं आणि नारळ घेऊन आली, तर हा पठ्ठ्या अंगणातल्या विहिरीकडं टक लावून बघतोय!

विहिरीवर पाणी ओढायला चाक होतं. सायकलीची जुनी रिम, आत लाकडाची फुली ठोकलेली. दोरानं घासून घासून चांदीसारखी झालेली. जहांगीर उठला, रिमेवरून अंगठा फिरवत गेला. ओठ हलत होते.

"चाळीस! भागाबाई, उपरणं राहू द्या. मान द्यायचा तर हे चाक द्या."

"अगं बया! आणि वऱ्हाडाला पाणी काय ओंजळीनं काढू?"

"बदल्यात कोरी रिम देतो. आमच्या भाईनं धुळ्याहून आणलीय."

"बसंल का ती फुलीवर?"

मी पुढं झालो. "सुतळीनं मोजलीय, भागाबाई. हे गनीचं माप आहे."

तिनं लेकीच्या हातांकडं बघितलं. "उपरणंही घे आणि चाकही घे. पण वऱ्हाड जायच्या आत त्याला हात लावलास, तर याच विहिरीत ढकलीन तुला!"

लग्न उरकल्यावर मी माझी रिम घेऊन गेलो. वना सुतारानं जुनीतली फुली काढून तिच्यात घातली. पहिल्या झटक्यात बसली, रंधाही मारावा लागला नाही.

घरी जहांगीरनं जुन्या रिमेत चाळीसच्या चाळीस तारा ओवल्या. चाक फिरवायचा आणि कडेला एक काचेची बांगडी धरायचा. जिथं किण्ण वाजलं, तिथली तार आवळायची. आवाज पार बंद झाला तेव्हाच त्यानं पेटी बांधली. पहिल्याच फेरीत सारोळ्याला गेला. त्या म्हातारीनं आधी वाकून चाक बघितलं, मग हात पुढं केला. थोड्याच दिवसांत शेंदुर्णीची घोडी दिसायची बंद झाली.

आता त्या गावांतून लोक जहांगीरचं नाव काढतात. काढू देत, माझाच भाऊ आहे. सारोळ्यात पाणी मात्र माझ्या रिमेवरून येतं.