माझ्या नावावर सुधाकरदादाने काढलेले तीन फेरे

मी आजारी नव्हतो, असं सांगणारं एक पत्र माझ्या घरी आहे.

विमा कंपनीचं. सही-शिक्क्यासकट. त्या काळात मी भोपाळला, बरखेड्याच्या घरी पलंगावर सरळ पडून होतो आणि कूस बदलायलाही बायकोला हाक मारत होतो.

हे पत्र कसं आलं ते आज सांगतो. आज सुधाकरदादाला जाऊन एक वर्ष झालं.

दादा माझा नातेवाईक नव्हता. आम्ही एकाच ट्रान्सपोर्टमध्ये ट्रक चालवायचो. तो मूळचा ग्वाल्हेरचा, राहायला अशोका गार्डनला, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. सगळ्या ड्रायव्हरांत मराठी आम्ही दोघंच.

आमचा पगार फेऱ्यावर. भोपाळ-नागपूर-भोपाळ, हा एक फेरा. केला तर पैसे, नाही तर नाही. सिक लीव्ह ऑफिसातल्या खुर्चीवाल्यांना.

पैशापेक्षा मोठी भीती गाडीची. दहा-बारा दिवस उभी राहिली की शेठ ती दुसऱ्याला देऊन टाकतो. मग बरे होऊन या आणि बसा गेटवर.

म्हणून ड्रायव्हरांनी आपसात एक रिवाज ठेवलाय. एक आजारी पडला की दुसरा आपला फेरा संपवून त्याची गाडी काढतो. रजिस्टरला नाव आजारी माणसाचंच, पैसेही त्याच्याच घरी. ऑफिसातल्या मुन्शीजींना सगळं ठाऊक असतं. ते चष्मा पुसत बसतात.

मी मात्र शहाणा. मी विमा काढला होता. आजारपणात काम बंद पडलं तर दर आठवड्याला पैसे देणारा.

दादा हसायचा. "आजारी पडायचे पैसे? मग तर तू रोजच पडशील यार!"

माझ्या पाठीची नस दबली आणि डॉक्टरांनी दोन महिने स्टेअरिंग बंद सांगितलं. मी निवांत. पॉलिसी आहे ना.

दादाने मला न विचारता माझी गाडी काढली. तीन फेरे. आपले करून वर माझे. परतला की अंघोळही न करता आधी आमच्या घरी पैसे द्यायला यायचा.

"दादा, चहा तरी घ्या," सुनीता, माझी बायको, म्हणायची.

"नको गं. बसलो तर उठणार नाही मी. सीधा घरी जातो."

मग विमा कंपनीचा माणूस आला. सभ्य, हळू बोलणारा. त्याच्या मोबाइलमध्ये आमच्या रजिस्टरचे फोटो होते.

"भाईसाहब, आप तो गाड़ी चला रहे थे. ये देखिए, तीन ट्रिप."

खरं सांगितलं असतं तर दादाची नोकरी गेली असती, मुन्शीजींचीही. क्लेम गेला. पत्र आलं.

दादा भयंकर चिडला. "माझं नाव घ्यायचं होतंस ना! पागल आहेस का?" दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी मेथीचे लाडू घेऊन आला, तुझ्या वहिनीने पाठवलेत म्हणाला. तो विषय पुन्हा काढला नाही.

बरा झाल्यावर मी हात धुऊन त्याच्या मागे लागलो आणि त्यालाही तोच विमा घ्यायला लावला. फॉर्म मी भरला. वर उपदेश केला, "आजारी पडलास तर तुझ्या नावावर कुणाला गाडी काढू देऊ नकोस. रजिस्टर साफ पाहिजे."

फार हुशार झालो होतो मी.

गेल्या वर्षी त्याला न्युमोनिया झाला. चार दिवस दवाखान्यात, पुढे महिनाभर घरी आराम करायला सांगितलं. त्या विम्यात पहिले पंधरा दिवस काही मिळत नाही, पैसे सोळाव्या दिवसापासून.

दहाव्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"शेठ माझी गाडी दुसऱ्याला देतोय रे. एक फेरा काढतोस का?"

"नको दादा. क्लेम जाईल. थोडे दिवस कळ काढ. शेठशी मी बोलतो."

"बरं. तू म्हणतोस तर ठीक आहे."

मी शेठशी बोललो. तो "देखते हैं" म्हणाला. मला वाटलं, झालं काम.

बाराव्या दिवशी दादाने स्वतःच गाडी काढली. मला सांगितलं नाही. वहिनींना म्हणाला, ऑफिसात चक्कर मारून येतो. बैतूलच्या अलीकडे, भर दुपारी, एका ढाब्यावर त्याने गाडी नीट बाजूला लावली. खाटेवर आडवा झाला. उठला नाही.

विम्याचे पैसे मिळाले नाहीत. पंधरा दिवस भरले नव्हते.

मी तीन फेरे काढले असते तरी पैसे मिळाले नसते. पण दादा घरी असता.

आता नागपूरच्या रस्त्यावर माझा फोन वाजत नाही. पूर्वी तो पुढे असला की सांगायचा, "खड्डा आहे, हळू ये." आता कधी कधी चार-चार दिवस तोंडातून मराठी शब्द निघत नाही. परवा घाटात एकटाच मोठ्याने बोललो. कसंतरीच झालं.

वहिनी, तुम्ही हे वाचाल. त्या फोनचं तुम्हाला माहीत नाही. दोनदा तुमच्या दारापर्यंत आलो आणि बेल न वाजवता परतलो.

आणखी एक सांगायचं राहिलंय, ते सुनीतालाही सांगितलेलं नाही.

दादाचा फोन आला तेव्हा माझी गाडी गॅरेजमध्ये दुरुस्तीला लावली होती. तो अख्खा आठवडा मी मोकळा होतो. क्लेमची भीती खरीच होती. पण फोन ठेवल्यावर मला थोडं बरंही वाटलं, की चला, जावं लागणार नाही.

दादा, वाकून नमस्कार करतो.