गिरिजाबाईचा हात

गिरिजाबाईचा हात तोंडाआधी चालायचा. तीर्थपुरीच्या बाजारात कुणालाही विचारा. वांगी तोलताना माळणीनं तराजूला जरा बोट लावलं की एक वांगं तिच्या टाळक्यात बसलेलंच असायचं, शिव्या मागाहून. बाई बदनाम होती, पण असा हात कुणी जन्माला येताना आणत नसतं हो. पहिल्या नवऱ्यानं तिला अकरा वर्षं गुरासारखं बडवलं, एकदा तर खांद्याचं हाड मोडलं. मग तोच बांधाच्या भांडणात डोक्यात दगड बसून मेला. गिरिजाबाईनं कुंकू पुसलं आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मागे राहिली दहा वर्षांची बेबीनंदा. दीर होता सर्जेराव, आडमाप गडी. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली, घरात चार लेकरं, पाणी भरायला कुणी नाही. त्यानं भावकी बसवली आणि फर्मान काढलं, "बाईला दुसरं लगीन करायचं तर खुशाल करू दे. पोर आमच्या रक्ताची हाय, ती इथंच राहील." भावकीनं माना डोलावल्या. गिरिजाबाई उठली, उखळातलं मुसळ उचललं आणि भर बैठकीत सर्जेरावाच्या बरगडीत घातलं. पोरीचा दंड धरून ती जी निघाली ती थेट माहेरी आली. भावकीतला एकही वाघ आडवा आला नाही!

दुसरं लग्न जुळवलं ते काकासाहेब मुकादमानं. ऊसतोडीच्या टोळीत एकटी बाई चालत नाही आणि एकटा गडीही चालत नाही. दोघं मिळून एक कोयता धरतात, तरच काम. घनसावंगीकडचा संपत काविळीनं बायको गेल्यापासून घरी बसून होता, बारा वर्षांची उषा पदरात. काकासाहेब म्हणाला, "त्याला बाई न्हाई, तुला गडी न्हाई. दोघंबी बौद्ध, दोघांलाबी पोरगी. मंग अडलंय कुठं?" अडलं नव्हतंच कुठं. अठ्ठ्याऐंशी सालच्या दिवाळीआधी विहारात लग्न लागलं.

म्हणजे मोडता मोडता लागलं. गिरिजाबाई पांढऱ्या साडीत, संपत पांढऱ्या सदऱ्यात, समोर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. बौद्धाचार्यांनी पंचशील दिलं, जीवहत्या करणार नाही असं दोघांनी म्हटलं, आणि तेवढ्यात सर्जेराव दोन गडी आणि काठ्या घेऊन दारात! मग काय विचारता. फुलं उडाली, बौद्धाचार्यांचा चष्मा फुटला. नवरीनं पदर खोचून एकाचं नाक फोडलं. नवरा मात्र दोन्ही पोरींना पाठीशी घालून हात पसरून उभा राहिला, पाठीवर काठ्या घेतल्या आणि कुणाला बोटसुद्धा लावलं नाही. लोकांनी सर्जेरावाला बाहेर काढला तेव्हा तो ओरडत होता, "पोर नेल्याबिगर राहत न्हाई मी!" बाया आपसांत खिदळल्या, "अगं बाई, ह्यो नवरा हाय का खांब?" गिरिजाबाईच्या अंगाची लाही झाली. आपली पोर राखायला हा असला गडी मिळाला, म्हणून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हनिमून उसाच्या फडात झाला. टोळीतल्या बायांनीच तसं नाव पाडलं होतं. राहायला उसाच्या वाळल्या पाचटाची कोप, तीन दगडांची चूल आणि भोवती गोदाकाठचा ऊस. गिरिजाबाई रोज मार पडायची वाट बघायची. कधी ना कधी पडणारच, मग आजच पडू दे, म्हणून तिनं मुद्दाम भाकरी करपवली. संपतनं खाल्ली. तिनं पाण्याचा हंडा लाथेनं उडवला. तो म्हणाला, "झालं का? मंग आता चहा टाक." असल्या माणसाशी भांडावं तरी कसं?

दिवेलागणीला तो कोपीत मेणबत्ती लावायचा आणि वंदना म्हणायचा. उषा बापामागं घडाघडा म्हणायची. बेबीनंदा त्यांच्याकडे पाठ फिरवून बसायची. ती त्याला बाप म्हणत नव्हती, काहीच म्हणत नव्हती. संपत तिला 'बाळा' म्हणायचा आणि वाढताना आधी तिला वाढायचा.

माघ लागला आणि बेबीनंदानं रागाच्या भरात उषाची वही फाडली. संपत ट्रकवर मोळ्या चढवायला गेला होता. गिरिजाबाईनं हातातल्या उसानंच पोरीला झोडपायला सुरुवात केली आणि उसाचे दोन तुकडे होईस्तोवर थांबली नाही. आता सांगा, ज्या पोरीसाठी मुसळ उचललं, तिच्याच पाठीवर वळ! पण हात थांबला नाही, हे खरं. पाठीला हळद लावली ती उषानं, जिची वही फाटली होती तिनं.

आठ दिवसांनी भर दुपारी सर्जेराव मेव्हण्याला, साहेबरावाला, मोटारसायकलवर घेऊन फडात उतरला. बेबीनंदा मोळ्यांपाशी होती. सर्जेरावानं तिचं मनगट धरलं. संपत धावला, पुन्हा तेच, हात पसरून आडवा. साहेबरावानं काठी हाणली ती कपाळावर. तो पडला. पडल्यावर, पोरीचं मनगट न सोडताच, दोघांनी त्याला लाथांनी तुडवला. रक्तानं त्याचे डोळे भरले तरी तो "पोर सोडा, पोर सोडा" एवढंच म्हणत होता.

गिरिजाबाई सरीतून आली ती कोयता घेऊन. ओरडली नाही, शिवी दिली नाही. ते बघून साहेबराव पळाला. सर्जेराव पोरीला सोडून मागे सरकताना पाचटात पाय घसरून उताणा पडला, आणि कोयता त्याच्या मानेवर उतरला. उतरलाच होता. पण संपतनं खालून हात घालून पातं मुठीत धरलं. दोन बोटं तुटून पाचटात पडली.

"का धरलं? का धरलं वो?" गिरिजाबाई किंचाळली. "मरू द्यायचं व्हतं त्याला!"

"त्यो मेला असता, तू जेलात गेली असतीस," संपत कळ सोसत म्हणाला. "मंग ह्या दोन पोरींला कोण बघणार? माझ्यानं एकट्यानं न्हाई व्हायचं."

सर्जेरावाला धोतराचं भान राहिलं नव्हतं. तो उठून बेबीनंदाकडे हात करायला लागला, "चल गं, चल जल्दी." पण पोर त्याच्याकडे गेलीच नाही. ती धावत संपतपाशी आली, अंगातल्या झग्याचा घेर टराटरा फाडला आणि त्याच्या हाताला गुंडाळायला लागली. गुंडाळताना हुंदके देत म्हणाली, "म्याच निरोप धाडल्ता काकाला. ट्रकवाल्यापाशी. आई लई मारती म्हणून."

गिरिजाबाईच्या डोक्यात जाळ उठला. एवढं रक्त, एवढा घोर, आणि हे सगळं हिनं केलं? कोयता टाकून तिनं हात उगारला.

"माझ्या पोरीला हात लावायचा न्हाई!"

संपत ओरडला होता. चार महिन्यांत त्याचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता. सगळा फड थांबला. तो उठून मध्ये उभा राहिला, चिंध्यांतून रक्त गळत होतं, आणि ह्या वेळी त्यानं हात पसरले नाहीत, धड राहिलेल्या हाताची मूठ वळली होती. बेबीनंदा त्याच्या पाठीमागे दडली. तिथून ती आईच्या उगारलेल्या हाताकडे बघत होती, आणि विहारात सर्जेरावाच्या काठीकडे तिनं ह्याच डोळ्यांनी बघितलं होतं. ते डोळे गिरिजाबाईनं ओळखले, आणि तिचा हात आपोआप खाली आला.