मालसुनने काढलेला उतार

थेबेकच्या डोंगरात घरांची जमीन उबदार ठेवायला गॅसचे बॉयलर बसवणारे तेव्हा पाच जण होते. चार बाप्ये आणि पाचवी बाई, बान मालसुन. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, आवाज मात्र वरच्या आळीतून खालच्या आळीत पोचणारा. आधी ती नवऱ्याच्या हाताखाली पाने-पकडी द्यायची. त्याची पाठ धरली, उठणं-बसणं मुश्कील झालं, तेव्हा सेहेचाळिसाव्या वर्षी तिने परवान्याची परीक्षा दिली. दोनदा नापास झाली. नणंद म्हणाली, "वहिनी, आता पुरे, लोक हसतात." मालसुन म्हणाली, "हसू देत. थंडी पडली की मलाच फोन करतील." तिसऱ्यांदा ती पास झाली.

नव्या बॉयलरची एक खोड असते. गॅस जळला की धुरातली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं, आणि दिवसभर थेंबथेंब गळत राहतं. ते पाणी वाहून न्यायला नळी लागते. घाईचे मिस्त्री भिंतीला भोक पाडून नळी बाहेर सोडतात आणि मोकळे होतात. मालसुन तसं कधी करायची नाही. नळी घरातूनच न्यायची आणि घरातल्याच मोरीत सोडायची, मग दोन दिवस लागोत की तीन.

त्या जानेवारीत म्हाताऱ्यांच्या विरंगुळा केंद्राचा नवा बॉयलर तिसऱ्याच दिवशी बंद पडला. बाहेरगावच्या कुणा मिस्त्रीने नळी खिडकीतून बाहेर काढली होती. ती आतून गोठली, पाणी तुंबलं आणि यंत्राने मान टाकली. जमीन बर्फासारखी गार. म्हाताऱ्या कोट घालून, एकमेकींना चिकटून बसलेल्या.

मालसुन आली तेव्हा अध्यक्ष योम फानसोक दारातच उभे होते. ब्याऐंशी वर्षांचे, जन्म खाणीत गेलेला.

"तुझा नवरा नाही आला?"

"तो झोपलाय. काम मला येतं."

"मग ती नळी गरम पाण्याने मोकळी कर आणि जा. पाच मिनिटांचं काम."

"आणि उद्या परत गोठली की? आजोबा, नळी आतून न्यायची. स्वयंपाकघरातून, चपलांच्या फळीमागून, न्हाणीच्या मोरीपर्यंत. सात मीटर."

"मधे भिंत आहे. आम्ही खाणवाल्यांनी बांधलीय ती. फुटायची नाही!"

"मग बघूच," म्हणत मालसुनने पिशवी खाली ठेवली.

भिंत खरंच चिवट निघाली. हातभर जाड, आत दगड. दोन तास ड्रिल घुमत होतं. मालसुनचे केस पांढऱ्या धुळीने माखले. म्हाताऱ्यांतल्या ओक्दान आजींनी उकडलेले बटाटे आणून ठेवले, "खा गं बाई, दमली असशील." तिने उभ्याउभ्याच दोन खाल्ले. दुपारी भिंतीतून पलीकडचा उजेड दिसला, तशी म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग नळी. हातामागे एक बोट उतार, त्याहून कमी नाही. मालसुन नळी धरायच्या पट्ट्या भिंतीला ठोकत सरकत होती. मागे फानसोक आजोबा काठी टेकून बघत होते. अचानक म्हणाले, "थांब. तिसऱ्या पट्टीपाशी उतार मोडलाय. तिथे पाणी साचेल."

"काहीतरीच! मी मोजलंय."

"पोरी, मैलमैल लांब बोगद्यांतलं पाणी पंपाशिवाय बाहेर काढलंय मी. तीस वर्षं तेच काम केलं."

मालसुनने तिथे पाणसळ लावली. बुडबुडा बरोबर मधे येऊन थांबला. म्हणजे तेवढ्या भागात नळी सपाट होती, उतार नव्हताच. तिला क्षणभर राग आला, स्वतःचाच. मग तिने मुकाट्याने पट्टी उखडली. "कुठवर घेऊ, सांगा."

"अर्धं बोट खाली. अजून जरा. हां, आता जाईल."

पुढच्या पट्ट्या दोघांनी मिळून लावल्या. ते डोळ्याने सांगायचे, ती पाणसळीने पडताळायची, आणि दर वेळी दोघांचं जुळायचं.

सुरू करण्याआधी मालसुनने बॉयलरखालच्या वाकड्या भांड्यात पेलाभर पाणी ओतलं. ओक्दान आजी म्हणाल्या, "हे कशाला? पूजा करतेस का?"

"हे पाणी अडून राहतं, म्हणून धूर नळीतून खोलीत येत नाही."

पूर्वी घरं कोळशाच्या वड्यांवर गरम व्हायची, आणि त्यांच्या धुराने झोपेतच दगावलेली माणसं त्या सगळ्या म्हाताऱ्यांनी पाहिली होती. मालसुनची थोरली बहीण त्यातलीच.

बॉयलर सुरू झाला. तासाभराने न्हाणीतून ओक्दान आजी ओरडल्या, "आलं! पाणी आलं!" सगळ्या दाटीवाटीने मोरीशी वाकल्या. नळीच्या तोंडातून एक थेंब पडला, मग दुसरा. तेवढ्यात एकीने गरम होऊ लागलेल्या जमिनीवर तळहात टेकला आणि ती हसली.

त्या आठवड्यात पारा उणे बावीसवर गेला. वरच्या आळीत बाहेरच्या नळ्या पटापट गोठल्या. विरंगुळा केंद्रात म्हाताऱ्या उबदार जमिनीवर पाय पसरून पत्ते खेळत होत्या. बाहेरगावचा कुणी पाहुणा आला की फानसोक आजोबा त्याला धरून न्हाणीत न्यायचे आणि काठीने नळी दाखवायचे.

"हे आमच्या मालसुनचं काम. भिंत बघ, दगडाची आहे. आणि उतार बघ, उतार!"

एकदा मालसुन तिथेच उभी होती. एरवी तिने काहीतरी चेष्टा केली असती. त्या दिवशी ती नुसती ताठ उभी राहिली, आणि पाहुण्याचं पाहून होईपर्यंत जागची हलली नाही.