एक जूनची हजेरी

सकाळच्या गोळ्या तळहातावर घेऊन मी पाण्याचा तांब्या शोधत होतो, तेवढ्यात फोन वाजला. बाईंची भाची रेखा होती. "काका, बाई गेल्या... झोपेतच गेल्या." पुढं ती काय बोलली ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की फोन ठेवल्यावर मी आधी गोळ्या घेतल्या. "जग बुडालं तरी गोळी चुकवू नगंस," असा बाईंचा हुकूम होता आणि तो मोडायची माझी टाप नव्हती. गोळ्या गिळल्या आणि मग स्वयंपाकघरातच खाली बसून रडलो. बहात्तर वर्षांचा माणूस पहिलीच्या बाईंसाठी रडतोय हे बघून सुनेला काय करावं ते सुचेना.

कांबळेबाई हुपरीजवळच्या आमच्या गावच्या शाळेत आल्या तेव्हा जेमतेम एकोणीस-वीस वर्षांच्या होत्या. त्याच गावच्या. त्यांचे वडील फौजेतून परतलेले आणि गावात लिहिता-वाचता येणाऱ्या मोजक्या माणसांतले. गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद तेच ठेवायचे. मी आठ वर्षांचा होईपर्यंत शेळ्यांमागं हिंडत होतो. मग एक दिवस बाईंनी बांधावर येऊन आईला गाठलं आणि मला दंडाला धरून शाळेत नेलं. नाव घालताना जन्मतारीख विचारली, तर आई म्हणाली, "शाळू पेरायला चालले हुते, वाटंतच कळा आल्या. साल काय ठाव न्हाय बाई." असली उत्तरं रोजचीच होती. हेडमास्तरांनी त्यावर तोड काढून ठेवली होती: एक जून टाका आणि वय सहा लिहा. बाईंनी तसं लिहिलं. एका ओळीत मी अडीच वर्षांनी लहान झालो. वर्गातली निम्मीअधिक पोरं अशी एकाच दिवशी जन्मलेली.

बाई निवृत्त झाल्यावर त्याचाच एक सोहळा झाला. दर एक जूनला आम्ही जुने विद्यार्थी त्यांच्या घरी जमायचो. बाई शिरा करायच्या आणि खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसून हजेरी घ्यायच्या. हातात कागद नाही, सगळी नावं पाठ. चांदीचे पैंजण करणारे, ट्रॅक्टर चालवणारे, सोसायटीचे चेअरमन झालेले, सगळे मांडी घालून "हजर, बाई" म्हणायचे. चेअरमन जरा हळू बोलला तर त्याला पुन्हा म्हणायला लावायच्या.

माझं सगळं आयुष्य कोल्हापुरात छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलं. खासगी छापखाना, तेव्हा पेन्शन वगैरे काही नाही. गेल्या वर्षाच्या सुरुवातीला छातीत कळ आली आणि डॉक्टरांनी सांगितलं, तीन नळ्या तुंबल्यात, शस्त्रक्रिया करावी लागेल, फार दिवस काढू नका. रेशनकार्डावरचं माझं नाव गावात कमी झालं होतं आणि शहरात चढलं नव्हतं, त्यामुळं एक सरकारी योजना तिथंच अडली. दुसरी होती सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना फुकट उपचाराचं कार्ड देणारी, तिला उत्पन्नाची अट नाही. त्यातच कुणीतरी उठवलं, की तिची नोंदणी महिनाअखेर बंद होणार. मी तसाच धापा टाकत गावी गेलो, कारण बाई दर शनिवारी विहाराच्या ओट्यावर बसून म्हाताऱ्याकोताऱ्यांना या कार्डाचे नियम सांगतात, असं ऐकलं होतं.

ओट्यावर ही गर्दी. ब्याऐंशी वर्षांच्या बाई मधोमध बसून दटावत होत्या, "शेवटची तारीख न्हाय त्याला! सत्तर पुरी झाली की कवाबी नोंदवा, बाराई महिने चालू हाय. नवरा-बायको दोघं सत्तरीच्या वर असला तर दोघांची नोंदणी येगळी. आदीच दुसऱ्या सरकारी योजनेत असला, तर कंची ठेवायची ते एकदाच ठरवायचं, मागनं बदलता येणार न्हाय. आनि वय म्हंजे आधारवरचं वय. तोंडानं सांगितल्यालं चालत न्हाय."

माझा नंबर आला.

"सद्या, वय किती रं?"

"एकाहत्तर असंल."

"आधारवर?"

"अडुसष्ट."

"ही असली तारीख कुणी घातली?"

"तुम्हीच की, बाई."

मी तसा तोंडाचा फटकळच. पण ते बोललो आणि जीभ चावली. बाईंनी माझं आधारकार्ड हातात घेऊन त्यावरची तारीख वाचली. मग एवढंच म्हणाल्या, "व्हय. मीच."

गावात एक एजंट होता. दोन दिवसांत हवा तसा जन्मदाखला आणून देतो म्हणाला. खरं सांगतो, मी तयार झालो होतो. जीव जायची वेळ आल्यावर कसली तत्त्वं घेऊन बसता! बाईंना कळलं तेव्हा त्या मला ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "एकदा खोटं लिवलं मी. दुसऱ्यांदा तुझ्या नावावर खोटं चढू देनार न्हाय. तुझी खरी तारीख कुटंतरी हाय. माझ्या बाबांनी लिवल्याली असनार." मला त्यांचा राग आला. मरणार मी आणि तत्त्व यांचं, असंच मनात आलं. ते आज कबूल करतो.

तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये आम्ही तीन वेळा गेलो. मला जिना चढवत नव्हता म्हणून मी खाली बाकावर आणि बाई गुडघ्यावर हात ठेवत वर. तिसऱ्या वेळी मात्र मीही हळूहळू चढलो. कारकुनानं जुनी वही समोर ठेवली आणि हात वर केले, "आजी, हे अक्षर कुणाला लागत न्हाय." बाईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "मला लागतंय. माझ्या वडलांचं हाय." मग बोट ओळीवरून सरकवत त्या वाचू लागल्या. पान उलटायच्या आधी प्रत्येक वेळी तळहातानं ते सपाट करायच्या. दुपार टळली तेव्हा बोट थांबलं. माझ्या वडिलांचं नाव, त्यापुढं 'मुलगा झाला', आणि सालासकट तारीख, नऊ नोव्हेंबर. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि मी कधी जन्मलो ते मला त्या दुपारी कळलं.

बाई रडत होत्या. कारकून गडबडला. त्याला त्या म्हणाल्या, "साहेब, शाळेतली चूक माझ्या अक्षरातली हाय, तसं मी लिहून देते. बाबा घरातच हुते ओ. नुसतं विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी..." साठ वर्षांपूर्वीची लेखणीची एक ओळ. ती हेडमास्तरांच्या हुकमानं लिहिलेली, साऱ्या मुलखात तशीच लिहिली जाणारी, आणि ही बाई ती आपली म्हणून पदरात घेत होती. मी आयुष्यात मोठमोठे लोक पाहिले, त्यांची चरित्रं खिळ्या-खिळ्यानं जुळवली. एवढं मोठं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मी विचारलं, "बाई, तुमची तारीखही इथंच असंल की. बघूया?" त्यांच्या आधारवरही एक जूनच होता. त्यांनी वही मिटली. "माझं काय अडलंय? एक जूनच बरा. तुमी सगळी असताय."

नोंदीवरून जन्मदाखला, दाखल्यावरून आधार, आधारवरून कार्ड. प्रत्येक पायरीवर दिवस जात होते आणि मी रात्री उशीला टेकून बसून काढत होतो. पण शस्त्रक्रिया झाली, वेळेत झाली. मी शुद्धीवर आल्यावर डॉक्टर म्हणाले, आणखी महिनाभर थांबला असता तर सांगता आलं नसतं. त्या दिवसापासून बाईंवरचा माझा राग मला आठवतो आणि लाज वाटते.

त्या जूनला मी नेहमीसारखा गेलो. दारातच बाईंनी अडवलं. "तुझा आज वाढदिवस न्हाय. कशाला आलास?" सगळे हसले, मी खरोखरच हिरमुसलो. हजेरी सुरू झाली, माझं नाव गाळलं. यादी संपली, तेव्हा बाईंनी मान वळवली आणि म्हणाल्या, "आनि सदाशिव. आजपासनं पावणं." मी जोरात हजेरी दिली. नऊ नोव्हेंबरला त्यांचा फोन आला, माझ्या आयुष्यातल्या पहिल्या वाढदिवसाचा. "गोळी घेतलीस का?" हीच शुभेच्छा.

मे महिन्यात बाई गेल्या. एक जूनला काय करायचं हे कुणी ठरवलं नव्हतं, तरी सगळे आले. रेखानं शिरा केला होता. खुर्ची खिडकीजवळ होती, तिच्यावर कुणी बसलं नाही. चेअरमननं उभं राहून नावं घेतली. बरीचशी त्याला आठवली, काही आम्ही सांगितली. माझं नाव त्यानं घेतलं नाही. त्याचं बरोबरच होतं, माझी तारीख आता वेगळी आहे.

यादी संपली. पावणं म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मी खुर्चीकडं बघितलं आणि जरा हळूच म्हणालो, "हजर, बाई."

मग आठवलं, हळू बोललेलं त्यांना चालत नसे. मी पुन्हा म्हणालो.