तिला भरवलेला घास

आमचे हे इच्छापोरच्या एका सिक्युरिटी कंपनीत लागले. ती कंपनी शक्तीवाली माणसं ठेवते. कुणी भिंतीपलीकडचं ऐकतं, कुणी हवेत चढतं. अशा प्रत्येकासोबत सांभाळायला एक साधा माणूस देतात. यांच्या वाट्याला एक बाई आली. ती भरधाव ट्रक हातांनी अडवते. पण नंतर तासभर तिचे हात लुळे पडतात आणि भूक अशी लागते की लगेच खाल्लं नाही तर चक्कर येते.

हे सगळं यांनीच सांगितलं. तिला भरवतं कोण, तेवढं सांगितलं नाही. ‘डब्यात भाकरी जास्त टाक,’ म्हणाले. मी टाकत होते.

एक दिवस डबा घरीच राहिला. डिंडोलीतल्या घरून रिक्षा बदलत मी कंपनीत गेले. परक्याशी माझ्याने बोलवत नाही. गेटवर नुसता डबा दाखवला. आत शेडमध्ये हे तिला खमण भरवत होते. एकेक तुकडा, चटणी लावून. मग मीच धुऊन दिलेल्या रुमालाने यांनी तिचे ओठ पुसले. मला यांनी लग्नात एक घास भरवला होता, तोही दुसरीकडे बघत.

‘अय्या, वहिनी! भाकरी आणली? दादा, सोडा ते खमण.’

दादा म्हणाली, तरी माझा जळफळाट थांबला नाही. यांनी डबा धरला. मी सोडला नाही.

‘अहो, राहू द्या. मी भरवते.’

‘तू? मीठ आणायलासुद्धा दुकानात मला पाठवतेस!’

मी खाली बसले, भाकरी ठेच्यात कुस्करली आणि तिच्यापुढे घास धरला.

‘घास म्हणावा तर हा,’ ती भरल्या तोंडाने म्हणाली. ‘दादा तर चिमणीला भरवतात.’

बाजूला उभे असलेले कंपनीचे साहेब हसले. मान खाली घालूनच मी त्यांना विचारलं, ‘साहेब, बाईला सांभाळायला बाई नको का?’

‘तुम्ही येता?’

‘येते.’



आता हे गेटवर असतात आणि शेडमध्ये मी. यांचं जेवण मी आधीच वाढून ठेवते. तरी ती खाता खाता गेटकडे बघून ओरडते, ‘दादा, जेवलात का?’

मी लगेच तिच्या तोंडात पुढचा घास कोंबते.