सरळ वरून पाहिल्यास

मुलगी स्नेलच्या नियमाची, प्रकाश पाण्यात वाकण्याची गणितं सोडवते आहे. समोर पाण्याचा ग्लास, त्यात मोडल्यासारखा दिसणारा चमचा. तो पाहिला आणि मला लहानपणीची, राखोली गावातली दमणगंगा नदी आठवली.

माझी कळशी नदीत पडली होती. काठावरून तळ दिसत होता. दहावीतला दादा म्हणाला, "घाबरट! कमरेएवढं दिसतंय ना? सूत्राने खरी खोली छातीएवढी भरेल." तो उतरला आणि बुडाला. वर फक्त बोटं राहिली. अखेर त्या बोटांना काठावरच्या झाडाचं मूळ सापडलं आणि तो वर आला.

ते सूत्र सरळ वरून पाहणाऱ्यासाठी होतं. काठावरून तिरपं पाहिलं की पाणी आणखी उथळ भासतं.

मुलीने प्रश्नातले पहिले तीन शब्द, 'सरळ वरून पाहिल्यास', न वाचताच आकडे मांडले. मी त्या शब्दांवर बोट ठेवलं.

"आई, एवढं काय त्यात?"

मी बोट उचललं नाही.