डब्यावरचं नाव

मी जर्मनीला निघाले त्या दुपारी आमच्या सातपूरच्या घरासमोर टॅक्सी येऊन उभी होती आणि मम्मी अजून बॅग उघडून बसली होती. वजन जास्त झालं तर विमानतळावर सामान काढायला लावतात, असं मी चार दिवस कोकलत होते. तरी तिने कपड्यांच्या मधे शेंगदाण्याच्या चटणीचा स्टीलचा डबा कोंबलाच. झाकणावर 'जय भीम', खाली पप्पांचं पूर्ण नाव आणि कॉलनीचं नाव कोरलेलं. आमच्याकडे प्रत्येक भांड्यावर असं नाव घालून आणतात, कारण कॉलनीत लग्न असलं की या घरची भांडी त्या घरी जातात. "नाव आहे, हरवायचा नाही," मम्मी म्हणाली. पप्पा कारखान्यात तीस वर्षं लेथ मशीनवर उभे राहून नुकतेच रिटायर झाले होते. ते टॅक्सीवाल्याला 'घाटात हळू चालव' एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. मला वाटलं, रागावलेत. रडत होते, हे नंतर मम्मीने सांगितलं.

कॉलनीत राहिलेल्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्या नर्सिंग करून बाहेर पडलेल्या पोरींनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. खोटं कशाला बोलू, गेला महिनाभर मी जीव मुठीत धरून जगतेय.

जर्मनीतल्या या लहानशा शहरात मी वृद्धाश्रमात नोकरी करते. पहिल्याच दिवशी युनिफॉर्म दंडात अडकला आणि स्टोअरवाल्या बाईने पुरुषांच्या मापाचा आणून दिला. नाशकात मी जाडी होते आणि 'सावळी' होते. सावळी म्हणणाऱ्या मावश्या किती दयाळू होत्या, ते इथे आल्यावर कळलं. एका आजोबांना मी पाणी दिलं, तर त्यांनी ग्लासावरचे माझ्या बोटांचे ठसे रुमालाने पुसून काढले. हसावं की रडावं! बरं, बोलणार कुणाशी? अख्ख्या शहरात मराठी बोलायला काळं कुत्रं नाही. म्हणून ब्लॉग सुरू केला, 'डबल एक्सेल' नावाचा. स्वतःचं नाव द्यायचं नाही, फोटो मानेखालचा टाकायचा आणि जे आहे ते लिहायचं.

अशा जाड बायकांचे ब्लॉग जगभर आहेत, हे मला तेव्हा कळलं. कुणी ब्राझीलची, कुणी पोलंडची. एकमेकींच्या पानावर येऊन धीर देतात. मला तर ते माहेरच वाटायला लागलं होतं. मग त्यांच्यातल्या एका गोऱ्या ताईने आम्हा बारा जणींचे फोटो एकत्र लावले. मथळा काय, तर 'आहोत तशा सुंदर'. आणि माझा फोटो बघते तर मी गव्हाळ! सगळे फोटो एकसारखे दिसावेत म्हणून तिने बाराही जणींना रंग उजळणारा एकच फिल्टर मारला होता. मी विचारलं, तर म्हणे तू उगाच मनाला लावून घेतेस. माझं डोकंच फिरलं.

त्याच तिरीमिरीत लेख लिहिला. लिहिलं, की मला उजळ करायची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा पप्पांनी केलं होतं. लग्नाच्या बायोडेटासाठी मला स्टुडिओत घेऊन गेले आणि माझ्यादेखत काउंटरवर म्हणाले, "दादा, पोरीला जरा उजळ करा. आणि दंड कमी होतात का बघा." दादाने दोन्ही केलं. तो फोटो बघून आलेल्या पाहुण्यांनी मला बघितलं, मग खिशातून काढून फोटो पुन्हा बघितला. पोहे खाऊन गेले, परत काही कळवलं नाही.

लेख भरपूर फिरला. शिव्या आल्या, तशा 'माझ्या पण पप्पांनी असंच केलं' म्हणणाऱ्या पोरीही आल्या, एक निफाडची, एक मालेगावची. मी हवेत. पुढच्या आठवड्यात जेवणाचा फोटो टाकला. मांडीवर ताट, शेजारी चटणीचा डबा. चेहरा नाही, खिडकीबाहेरचा रस्ता नाही, सगळं नीट झाकलेलं. झाकण तेवढं राहिलं. लहानपणापासून बघून बघून आपल्या भांड्यावरचं नाव आपल्याला दिसतच नाही हो!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मोबाईल उघडला, तर कुणीतरी ते झाकण मोठं करून टाकलेलं. पप्पांचं नाव! काल मी नुसती जाडी आणि काळी होते, आज 'जय भीम' वाचून लोकांनी माझी जातही काढली. काय काय लिहिलं, ते इथे लिहिणार नाही. संध्याकाळी एकाने आमच्या गेटचा फोटो टाकला. गेटवर मम्मीची पायपुसणी वाळत घातलेली. खाली विचारलं होतं, 'हेच ना?'

एका आजींना औषध देताना गोळ्या सांडल्या, तेव्हा ड्युटीवरच्या दुसऱ्या सिस्टरने मला खुर्चीत बसवलं. मी ब्लॉग बंद केला. तिकडे नाशकात मामेभावाने पोलिसांत तक्रार दिली. गेटवर कुणी येईल ही भीती होतीच. पण खरं सांगू? पप्पा तो स्टुडिओचा लेख वाचतील, ही भीती त्याहून मोठी होती.

मम्मीला फोन केला, तर "सगळं ठीक आहे, तू जेवलीस का?" हा तिचा आवाज मी ओळखते. तिसऱ्या दिवशी खोदून विचारलं, तेव्हा बोलली. दोन पोरं मोटारसायकलवर आली होती. पप्पा झाडांना पाणी घालत होते. पोरांनी विचारलं, "ते जाडीचे फोटो येतात, ती तुमचीच पोरगी का?" पप्पांनी पाइप खाली टाकला, गेट उघडून रस्त्यावर गेले आणि म्हणाले, "हो, माझीच. काय काम आहे?" शेजारचे काकाही बाहेर आले, तशी पोरं सटकली.

मला हुंदका आवरेना. मम्मी म्हणाली, "पुढचं ऐक. मग घरात आले, माझा मोबाईल मागितला आणि चष्मा लावून बसले. तू पान बंद केलंस, पण लोकांनी तुझं लिहिलेलं ग्रुपवर टाकलंय. सगळं वाचलं."

"स्टुडिओचं?"

"ते दोनदा वाचलं. त्या दिवशी जेवले नाहीत."

तेव्हापासून पप्पांचा फोन नाही. आधी दर रविवारी यायचा. चार रविवार झाले. मी केला तर मम्मी उचलते आणि पप्पा नेमके बाहेर गेलेले असतात. इथे जिना वाजला तरी मी दचकते, कडी लावली का ते तीनदा बघते. आणि तरी सांगते, नाशिकची आठवण येते ती गल्लीची किंवा बाजाराची नाही, पप्पांची. मी लिहिलेलं वाचून ज्याला जेवण जात नाही, तो माणूस जिथे आहे, ते आता माझं घर.

आज ब्लॉग पुन्हा उघडला, या वेळी माझ्या नावाने. आता लपवायचं राहिलंय काय! पप्पा, तुम्ही हे वाचणार, मला माहीत आहे. स्टुडिओचं मी काढलेलं नाही. काढायला बसले होते, पण त्याखाली त्या पोरींनी आपापलं लिहिलंय आणि ते सगळं खरं आहे. तुम्ही गेट उघडून बाहेर गेलात, तेही खरं आहे, म्हणून आज तेही लिहिलं. त्या मोटारसायकलवाल्यांची मला भीती वाटते. तुम्ही गप्प आहात, त्याची त्याहून जास्त वाटते. फोन करा. ओरडा, शिव्या द्या, काहीही बोला. उद्या रविवार आहे.